दोन कान आणि मंगल कार्यालय: आवाज वेगळे करणाऱ्या यंत्रणांनी माणसाच्या कानाकडून नेमके काय घ्यावे?

मुळाकाठ

गेल्या मार्गशीर्षात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात गेलो होतो. माझ्या आईला दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. घरी समोरासमोर बोलताना तिला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण तिथे जेवणाच्या टेबलावर बसल्यावर दहा मिनिटांत तिने दोन्ही यंत्रे काढून बटव्यात ठेवली. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आवाज सगळे येतात रे, पण एकातून एक निघत नाहीत.” मी संकेतप्रक्रियेच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो आणि या प्रश्नाचे इतके नेमके वर्णन मी कुठल्याही शोधनिबंधात वाचलेले नाही. हा धागा त्या वाक्यासाठी काढत आहे.

कॉलिन चेरी यांनी १९५३ साली हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला होता. एकाच माणसाने वाचलेले दोन मजकूर एकत्र मिसळून ऐकवले, तर ऐकणाऱ्याला ते वेगळे करताना फार कष्ट पडत. तेच दोन मजकूर एक उजव्या आणि एक डाव्या कानात दिले, की हवा तो मजकूर सहज उचलता येई. दोन कानांचा हा फायदा यंत्रात आणण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत.

खरे तर कानाला मिळणारे साहित्य थोडकेच आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्या कानाशी येईपर्यंत डोक्याच्या आडोशाने क्षीण होतो. लॉर्ड रेले यांनी १९०७ साली मांडले, की खालच्या वारंवारतांना आपण वेळेतला फरक वापरतो आणि वरच्या वारंवारतांना पातळीतला. डोक्याची त्रिज्या ८.७५ सेंटिमीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर अगदी बाजूने आलेल्या आवाजासाठी दोन कानांतला कालभेद जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास येतो. एवढ्याशा पट्टीत चांगला कान सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरक ओळखतो. सीडीच्या ध्वनिमुद्रणात लागोपाठच्या दोन नमुन्यांमधले अंतर २२.७ मायक्रोसेकंद असते, म्हणजे कानाची पारख अर्ध्या नमुन्याहूनही बारीक आहे. तो फरक मुद्रणातून हरवत नाही, फेजमध्ये, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठवर पोचली आहे त्यात, शाबूत राहतो. पण तो वाचून घेणाऱ्याला किती जपून वाचावे लागते, हे या आकड्यावरून लक्षात यावे.

या दोन भेदांवर थेट उभी राहिलेली पद्धत म्हणजे २००० साली मांडली गेलेली ‘ड्युएट’. तिच्यात आवाजाचे वेळेत आणि वारंवारतेत बारीक तुकडे पाडतात, जणू आलेखाच्या कागदावरची घरेच. प्रत्येक घरात एकाच बोलणाऱ्याची सत्ता आहे असे गृहीत धरून त्या घरातला कालभेद आणि पातळीभेद मोजतात. सगळ्या घरांची मोजणी एका नकाशावर मांडली, की जितके बोलणारे तितके उंचवटे दिसतात. मग प्रत्येक घर आपापल्या उंचवट्याला द्यायचे, बाकीची घरे झाकायची आणि उरलेल्यातून आवाज परत घडवायचा. हा झाकणारा मास्क वापरला, की दोन माइकवरून तीन-चार माणसेही वेगळी काढता येतात. आवाज वेगळे करण्याची दुसरी एक पद्धत म्हणजे स्वतंत्र घटक विश्लेषण; तिच्या मूळ रूपाला जितके आवाज तितके माइक लागतात, त्यामुळे ही सोय मोठीच म्हणावी लागेल.

मी दोन छोटे कॉलर माइक कानांच्या छिद्रांशी चिकटपट्टीने बसवले आणि आमच्या ऑफिसजवळच्या अमृततुल्यात वीस मिनिटे बसलो. पितळी पातेल्याखाली स्टोव्हची सलग सूं चालू होती, उजवीकडे आले-वेलदोडा कुटणारा बत्ता आणि डावीकडे बोलत बसलेले दोघे. दुकान रस्त्याकडून पूर्ण उघडे आहे. घरी येऊन नकाशा काढला, तेव्हा बत्त्याचा आणि त्या दोघांचा असे स्वच्छ उंचवटे दिसले. पुढे त्याच मंगल कार्यालयात, यजमानांची परवानगी घेऊन, असेच मुद्रण केले, आणि नकाशावर मधोमध एकच पसरट ढीग आला. कोण कुठे बसले होते हे मला ठाऊक होते. नकाशात त्यातले काही दिसत नव्हते.

माझे म्हणणे असे आहे, की आपण कानाकडून दिशा मोजण्याचे गणित उचलले, पण त्या मोजणीवर केव्हा विश्वास ठेवायचा आणि केव्हा नाही, ही कानाची पारख मागेच सोडली. या विषयात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

षड्जपंचम

मी मैफलींचे ध्वनिमुद्रण करतो, म्हणून आधी त्या कार्यालयाच्या खोलीबद्दल लिहितो. समजा, हॉल २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे, म्हणजे घनफळ १२०० घनमीटर. गुळगुळीत फरशी, ऑइलपेंटच्या भिंती, पडदे जवळजवळ नाहीत. माणसांच्या अंगावरच्या कपड्यांसकट एकूण शोषण १०० चौरस मीटर धरू. सॅबाइन यांच्या सूत्राने ०.१६१ ला १२०० ने गुणून १०० ने भागले, की आवाज ६० डेसिबलने विरायला सुमारे १.९ सेकंद लागतात असे निघते. आता थेट येणारा आवाज आणि घुमून येणारा आवाज कुठल्या अंतरावर समसमान होतात ते पाहू: घनफळाला या काळाने भागून वर्गमूळ काढायचे आणि ०.०५७ ने गुणायचे. उत्तर १.४ मीटर येते. म्हणजे टेबलापलीकडच्या माणसापर्यंतच थेट आवाजाचे राज्य आहे. त्याच्या मागच्या रांगेतला माणूस बोलला, तर तुमच्या माइकपाशी थेट कमी आणि भिंतींवरून आलेलेच जास्त पोचते. घुमलेला आवाज सगळ्या बाजूंनी येत असल्यामुळे त्यात दिशा नसते. तुमच्या नकाशातला ढीग म्हणजे ती खोलीच आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक जवळचा वाटतो. एका घरात एकाच आवाजाची सत्ता, हे गृहीतक बोलण्यापुरते बहुतेक वेळा खपून जाते, कारण बोलण्यात विराम असतात आणि दोन माणसांचे स्वर सहसा जुळलेले नसतात. मैफलीत मात्र स्वर जुळवणे हेच मुळात काम आहे. गायक काळी एकला गात असेल, तर त्याचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झवर, तानपुऱ्याची जोडी तिथेच, पेटीचा सूर तिथेच. त्यांचे वरचे अंशस्वर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपटीवरचे सूर, २७७, ४१६, ५५४ असे एकमेकांवर नेमके बसतात. पंचमाचा दुसरा अंशस्वरही षड्जाच्या तिसऱ्यावर, ४१६ वरच येतो. त्या घरात तीन वाद्ये एकदम नांदतात, आणि तिथली दिशा मोजली तर ती त्या तिघांपैकी कुणाचीच येत नाही. ती मध्येच कुठेतरी, पेटी आणि गायक यांच्यामधल्या मोकळ्या गादीवर येते. मी हे प्रत्यक्ष करून पाहिले आहे. तानपुरे जितके सुरेख लागले, तितकी ही पद्धत अधिक फसली. ऐकणाऱ्या माणसाला मात्र त्या क्षणीही पेटी पेटीच्या जागी आणि गळा गळ्याच्या जागी ऐकू येतो.

मुळाकाठ

१.४ मीटर या आकड्याबद्दल मनापासून आभार. मी जे महिनाभर सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो, ते दोन ओळींच्या हिशेबात होते.

घुमणाऱ्या खोलीत कान काय करतो, याचे उत्तर निदान अर्धे तरी १९४९ सालीच मिळालेले आहे. वॉलाक, न्यूमन आणि रोझेनत्स्वाइग यांनी दाखवले, की एकच आवाज दोन दिशांनी थोड्या अंतराने आला, तर आपण आधी पोचलेल्याची दिशा मानतो आणि नंतर आलेल्याची दिशा सोडून देतो. टिचकीसारख्या तुटक आवाजासाठी ही मुदत सुमारे ५ मिलिसेकंद असते, बोलण्यासाठी याच्या कितीतरी पट. नंतर आलेला आवाज कान टाकून देत नाही, त्याचा भरीवपणा ऐकू येतोच. फक्त दिशेच्या बाबतीत त्याची साक्ष ग्राह्य धरत नाही. अमृततुल्यातला बत्ता स्वच्छ का सापडला, हेही यातून कळते: प्रत्येक ठोक्याची सुरुवात तीव्र असते आणि त्या पहिल्या काही मिलिसेकंदांत भिंत अजून बोललेलीच नसते. स्टोव्हच्या सूंला सुरुवातच नाही, म्हणून तिची दिशा मला कानांनीही नीट सांगता आली नसती.

हीच पारख गणितात आणायची एक वाट फालर आणि मेरिमा यांनी २००४ साली मांडली. दोन्ही कानांतले संकेत एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते क्षणोक्षणी मोजायचे आणि ती सुसंगती १ च्या अगदी जवळ असेल तेव्हाच कालभेद व पातळीभेद खरे मानायचे. मी काल रात्री मंगल कार्यालयाच्या मुद्रणावर ही अट लावली. बहुतेक घरे बाद झाली, पण उरलेल्या थोड्यांमधून तीन उंचवटे वर आले, आणि ते तिघे जिथे बसले होते तिथेच आले. मी त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.

नारायणपेठ

मी या क्षेत्रातला नाही, पण धागा पहिल्यापासून वाचत आहे. एक शंका आहे. आपला मेंदू आधी “हा आवाज डावीकडचा” असे ठरवतो आणि मग त्या दिशेचे सगळे तुकडे गोळा करून माणूस उभा करतो, असेच घडते ना? मग षड्जपंचम यांनी सांगितलेल्या जागी, जिथे दिशाच खोटी निघते, तिथे मेंदू कसा फसत नाही?

श्रवणरेषा

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. नारायणपेठ यांची शंका फार मोलाची आहे, कारण यंत्रणा बांधणारे बहुतेक जण हाच क्रम गृहीत धरतात, आणि कानात तो तसा नाही.

कलिंग आणि समरफील्ड यांनी १९९५ साली कुजबुजलेल्या स्वरांसारखे आवाज अरुंद पट्ट्यांतून बनवले. एका स्वराचे दोन पट्टे एका कालभेदाने आणि दुसऱ्या स्वराचे दोन पट्टे दुसऱ्या कालभेदाने एकाच वेळी दिले. मेंदू केवळ कालभेदावरून तुकडे गोळा करत असता, तर ऐकणाऱ्यांना दोन स्वर वेगळे ओळखता यायला हवे होते. ते आले नाहीत. एकाच क्षणी असलेल्या वेगवेगळ्या वारंवारता एकत्र बांधायला कान मुख्यतः दुसरे दोर वापरतो: त्या एकदम सुरू झाल्या का, त्या एकाच मूळ स्वराचे अंशस्वर आहेत का, त्या एकत्र चढतात-उतरतात का. डार्विन आणि हुकिन यांच्या कामातून पुढे दिसले, की कालभेद कामी येतो तो नंतर, म्हणजे बांधून तयार झालेला आवाज एका शब्दाकडून पुढच्या शब्दापर्यंत धरून ठेवण्यासाठी. पेटी आणि गळा एकाच सुरावर असतानाही वेगळे राहतात, कारण गायकाच्या स्वराला आंदोलन आहे, त्याची सुरुवात वेगळी आहे आणि पेटीला भात्याचा दाब आहे. आधी गाठोडी बांधली जातात, मग त्या गाठोड्यांना जागा मिळते.

याचा अर्थ दोन कानांचे गणित दुय्यम आहे, असा कृपया घेऊ नये. साधा हेडफोन घेऊन घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगते. उजव्या कानात गोंगाट आणि त्यात ५०० हर्ट्झचा बारीक सूर द्या. गोंगाट इतका ठेवा, की सूर जेमतेम बुडेल. आता डाव्या कानात फक्त तोच गोंगाट सुरू करा. सूर पुन्हा वर येतो. गोंगाट वाढवला आणि सूर ऐकू आला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पहिल्यांदा खरी वाटत नाही. मग डाव्या कानात तो सूरही तसाच घाला, की तो परत बुडतो. हर्श आणि लिकलायडर यांनी १९४८ साली हे नोंदवले. दोन्ही कानांत गोंगाट सारखा ठेवून एका कानातला सूर उलट्या फेजने दिला, तर खालच्या वारंवारतांना सुमारे १५ डेसिबलपर्यंत लाभ मिळतो. डर्लाक यांनी १९६३ साली त्याचा उलगडा केला: मेंदू दोन कानांतला गोंगाट आधी एकमेकांच्या बरोबरीला आणतो आणि मग एकातून दुसरा वजा करतो. वजाबाकी पूर्ण होत नाही, कारण मेंदूच्या जुळणीतच थोडी चूक असते. त्यांच्या प्रारूपात ही चूक वेळेपुरती १०५ मायक्रोसेकंद धरली आहे. इथे आवाज कुठून येतो हा प्रश्नच नाही. नको असलेला आवाज दोन कानांत कसा बसला आहे, एवढेच पाहून तो खोडला जातो.

मुळाकाठ यांच्या आईंबद्दल एक गोष्ट लक्षात आणून देते. श्रवणयंत्रे मोठा आवाज कमी आणि लहान आवाज जास्त वाढवतात. दोन्ही यंत्रे आपापली स्वतंत्रपणे चालत असतील आणि दाबाचे, म्हणजे पातळीतला फरक आवळण्याचे, प्रमाण दोनास एक असेल, तर डाव्या कानाशी ६५ आणि उजव्या कानाशी ५० डेसिबल आलेल्या आवाजातला १५ डेसिबलचा फरक यंत्रांतून बाहेर पडेपर्यंत साडेसात उरतो. जी खूण मेंदूला द्यायची, तीच यंत्रे अर्धी पुसून टाकतात. दोन्ही यंत्रे एकमेकांशी बिनतारी जोडलेली असतील, तर हे पुष्कळ टाळता येते. त्यांची यंत्रे तशी आहेत का, हे आधी पाहून घ्यावे.

पर्वतीपायथा

मी न्यूरल नेटवर्कवर काम करणारा विद्यार्थी आहे. वरची चर्चा मला खरोखर आवडली, तरीही एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडतो. २०१६ साली आलेले डीप क्लस्टरिंग आणि २०१९ सालचे कॉन्व्ह-टासनेट या नेटवर्कच्या पद्धतींनी एकाच माइकवरून दोन बोलणारे इतके चांगले वेगळे केले, की वारंवारतेच्या घरांवर आदर्श मास्क (खरे आवाज आधीच हाती असताना काढलेला) लावून जे मिळते, त्याच्याही पुढचे गुण कॉन्व्ह-टासनेटने मिळवले. त्यात रेले नाहीत आणि डर्लाकही नाहीत. सुरुवात, मूळ स्वर, आंदोलन हे श्रवणरेषा यांनी सांगितलेले दोर नेटवर्क उदाहरणांवरून आपणच शिकते. शिवाय कानाचे कुठले प्रारूप खरे मानायचे, यावर शरीरशास्त्रातच एकमत नाही. मग ते हाताने बांधून घालण्याचा आग्रह का असावा?

मुळाकाठ

पर्वतीपायथा, तुमचा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना उत्तर देतो.

प्रारूपाच्या खरेपणाबद्दल आधी. लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ साली कल्पना मांडली, की दोन कानांकडून येणारे संदेश वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनी जातात आणि जिथे ते एकदम पोचतात तिथली पेशी जागी होते. कुठली पेशी जागी झाली, त्यावरून दिशा कळते. गव्हाणी घुबडाच्या मेंदूत कार आणि कोनिशी यांना अगदी अशी मांडणी सापडली. सस्तन प्राण्यांत मात्र, विशेषतः जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर २००२ साली झालेल्या कामानंतर, हे चित्र तसेच लागू आहे का याबद्दल मोठी शंका निर्माण झाली. तरीही दोन माइकमधला कालभेद काढताना आपण सगळे जे सहसंबंधाचे गणित करतो, ते जेफ्रेस यांच्याच कल्पनेचे रूप आहे, आणि ते चालते. कानाची नक्कल करण्यासाठी मी प्रारूपाकडे जात नाही. कुठली माहिती कुठल्या पट्ट्यात भरवशाची आहे, हे त्यातून कळते म्हणून जातो. एक उदाहरण देतो. कालभेद ०.६५ मिलिसेकंद असेल, तर सुमारे ७७० हर्ट्झच्या वर फेज अर्ध्याहून जास्त फिरते आणि आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे एकट्या फेजवरून ठरत नाही. ड्युएटला सेकंदाला १६,००० नमुन्यांच्या मुद्रणात ही गफलत पूर्ण टाळायची, तर दोन माइक २.१४ सेंटिमीटरच्या आत ठेवावे लागतात. माणसाचे दोन कान तर एकमेकांपासून त्याच्या कितीतरी पट दूर आहेत. कानाने यावर काढलेला तोडगा असा, की साधारण १५०० हर्ट्झच्या वर तो बारीक फेज पाहणे सोडतो आणि पातळीभेद व आवाजाच्या ठोकळ चढउताराची वेळ पाहतो. मी नेटवर्कला कच्ची फेज देण्याऐवजी याप्रमाणे पट्टे वाटून दिले, तेव्हा त्याला शिकायला कमी उदाहरणे पुरली.

आता गुणांबद्दल. तुम्ही सांगितलेले निकाल ज्या संचावर आले, त्यात लोक वॉल स्ट्रीट जर्नलमधली वाक्ये शांत खोलीत वाचत आहेत आणि दोन मुद्रणे नंतर एकत्र केलेली आहेत. त्यात १.९ सेकंद घुमणारी खोली नाही, पंगत नाही, आणि बाहेर एकच सपाट आवाज येतो. माझी आई त्या आवाजाचे काय करणार, हा माझा प्रश्न आहे.

म्हणून मी तिलाच ऐकवले. मुद्रणात माझ्या डावीकडे मावशी आणि उजवीकडे मामा बोलत आहेत. पहिल्यांदा मूळ मुद्रण ऐकवले. दुसऱ्यांदा मावशीचा आवाज शक्य तितका स्वच्छ काढून दोन्ही कानांत सारखाच दिला. तिसऱ्यांदा मास्क लावला, पण दोन पथ्ये पाळून: प्रत्येक घरात दोन्ही कानांना एकच गुणक, म्हणजे त्यांच्यातला कालभेद आणि पातळीभेद जसाच्या तसा राहील, आणि कुठलेही घर १० डेसिबलपेक्षा जास्त खाली न्यायचे नाही, म्हणजे उरलेला गोंगाटही आपापल्या जागी ऐकू येईल. मोजपट्टीवर दुसरी आवृत्ती सर्वांत सरस होती. ती ऐकून आई म्हणाली, “शब्द कळतात, पण ही माझ्या डोक्याच्या आत बसून बोलतेय.” तिसऱ्या आवृत्तीला ती काही बोलली नाही. मामांनी मध्येच एक प्रश्न विचारला आहे, तिथे तिने मान उजवीकडे वळवली.

एका व्यक्तीवरचा हा एक प्रयोग आहे, यापेक्षा जास्त दावा मी करत नाही. पण हान, लुओ आणि मेस्गरानी यांनी २०२० साली नेटवर्ककडून दोन्ही कानांसाठी वेगळे, पण दिशेच्या खुणा राखलेले आवाज काढून दाखवले आहेत, आणि तेही कमी विलंबाने. तुमच्या क्षेत्रातच ही वाट उघडलेली आहे. तुम्ही त्या बाजूने मदत केलीत तर मला फार आनंद होईल.

श्रवणरेषा

मान वळवल्याचे वाचून बरे वाटले, तरी त्याच जागी प्रयोगात एक उणीव आहे. वॉलाक यांनी १९४० सालीच दाखवले होते, की समोरचा आवाज आणि मागचा आवाज यांतला भेद आपण डोके हलवून पक्का करतो, कारण डोके वळले की दोन्ही कानांतले फरक समोरच्या आवाजासाठी एका दिशेने आणि मागच्यासाठी उलट दिशेने बदलतात. आईंनी मान वळवली, पण हेडफोनमधला आवाज त्यांच्या मानेबरोबरच वळला.

दुसरे असे, की माइक तुमच्या कानांच्या छिद्रांशी होते. बाह्यकर्णाच्या घड्या वरच्या वारंवारतांमध्ये, साधारण ६ हजार हर्ट्झच्या पुढे, ज्या खाचा पाडतात, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. तुमच्या कानांच्या खाचा आईंच्या मेंदूला अनोळखी आहेत. त्यांच्या यंत्रांचे माइक तर कानाच्या वर, पाठीमागे बसतात, तिथे या खाचा जवळजवळ येतच नाहीत. पुढचे मुद्रण त्यांच्याच डोक्यावर, यंत्राचा माइक जिथे असतो तिथे माइक लावून करावे. आणि पूर्ण प्रक्रियेचा विलंब १० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, नाहीतर कानात थेट शिरणारा आवाज आणि यंत्रातून येणारा आवाज एकमेकांत मिसळून पोकळ ऐकू येतो.

पर्वतीपायथा

विलंबाची अट मी माझ्याकडे घेतो. पुढचा आवाज न पाहता चालणारे नेटवर्क २ मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर बसवता येईल. दोन्ही कानांना एकच गुणक ही अट शिकवतानाच घालतो, आणि खुणा बिघडल्या तर नेटवर्कचे गुण कापले जातील असे मोजमाप ठेवतो. कच्च्या फेजऐवजी पट्टे वाटून देण्याची तुमची मांडणीही कृपया पाठवावी. दोन्ही रीतींची एकाच मुद्रणावर तुलना करून आकडे इथे देईन.

षड्जपंचम

मुद्रणाची जबाबदारी माझी. त्याच कार्यालयात, लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी सकाळी हॉल मिळतो का ते विचारतो. आधी रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडून खोली किती घुमते ते मोजू, मग माणसे बसल्यावर पुन्हा एकदा मोजू, म्हणजे माझे १.९ सेकंद कितपत बरोबर होते तेही कळेल. प्रत्येक खुर्ची आईंच्या डोक्यापासून किती अंतरावर आणि किती अंशांवर आहे ते टेपने मोजून लिहून ठेवेन. दोन जण १.४ मीटरच्या आत आणि दोन जण बाहेर बसवावेत, असे सुचवतो.

मुळाकाठ

आईची यंत्रे तपासून घेतली. ती एकमेकांशी जोडता येणारी आहेत, पण ती जोडणी आजवर बंदच होती. काल चालू करून घेतली. मुद्रणाला ती तयार आहे. तिची एकच अट आहे, की मावशीला तिच्या डाव्या हाताला, १.४ मीटरच्या आत बसवावे, कारण तिचा डावा कान थोडा बरा आहे आणि मावशी फार हळू बोलते.